साप दूध पेस का? पिंपळनेर ते ब्रिस्बेन

आजचा भाग जरा घरचा आहे. म्हणजे इतिहासच आहे, पण सुरुवात आमच्या फॅमिली ग्रुपवर आलेल्या एका फोटोपासून.

माझा चुलतभाऊ ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला नोकरीला आहे. मूळ आमचं सगळ्यांचं पिंपळनेरचं. साक्री तालुका, धुळे जिल्हा, पांझरेच्या काठी. मागच्या महिन्यात त्याने ग्रुपवर फोटो टाकला: मनगटाला गुंडाळलेला, तपकिरी-पिवळ्या नक्षीचा, पेन्सिलपेक्षा थोडा जाड साप. खाली लिहिलं, 'घरात नवीन मेंबर.' दोन मिनिटं ग्रुपवर शांतता. मग त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या मोठ्या आईचा, मला फोन. त्याला नाही, मला! त्याच्याशी तिने बोलणंच बंद केलं होतं.

"घरमा साप पाळस का कोनी?" हा पहिला प्रश्न. आणि दहा मिनिटं मला झापून झाल्यावर, आवाज खाली आणून दुसरा: "तो साप दूध पेस का रे भो?"

आजचा भाग या दुसऱ्या प्रश्नावर आहे. कारण त्याचं उत्तर शोधायला मला खूप मागे जावं लागलं. आणि वाटेत माझीच एक जुनी चूक सापडली.

तर आधी चूक सांगतो. मी सात-आठ वर्षांचा असेन. नागपंचमी. त्या दिवशी आमच्याकडे नांगर धरत नाहीत, विळीवर चिरत नाहीत, तव्यावर भाजत नाहीत. नांगराच्या फाळाखाली नागाची पिल्लं मेली आणि नागीण सूड घ्यायला आली, ती कहाणी तुम्हीही ऐकली असेल. सकाळी गल्लीत पुंगी वाजली. गारुडी दारात बसला, टोपलीचं झाकण काढलं, नाग फणा काढून उभा. आजीने वाटीत दूध दिलं. गारुडी म्हणाला, पोराच्या हाताने पाजा, पुण्य लागेल. त्याने नागाचं तोंड वाटीत धरलं, वाटी मी धरली होती. नाग खरंच प्याला. मी दिवसभर गल्लीत मिरवत होतो.

पुढच्या वर्षी तोच गारुडी आला. टोपली तीच, नाग वेगळा. मागच्याच्या फण्याजवळ एक पांढुरका डाग होता, तो मी नीट पाहिला होता. विचारलं, तो कुठे गेला? "रानात सोडला," गारुडी म्हणाला. मी विश्वास ठेवला. खरं काय ते कॉलेजात असताना एका सर्पमित्राने सांगितलं, आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

साप दूध पीत नाही. त्याला ते पचत नाही. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचं अन्न. सापाच्या वंशात दुधाचा संबंधच नाही. मग नाग प्याला कसा? नागपंचमीच्या आधी कित्येक दिवस त्याला पाणीच देत नाहीत. घसा कोरडा पडलेल्या जिवापुढे ओलं काहीही धरलं तरी तो पितो. त्यात विषाचे दात उपटलेले, तोंडात जखम, कधी ओठ शिवलेले. दूध श्वासाच्या वाटेत जातं, जखम चिघळते. असे बरेच नाग सणानंतर फार दिवस जगत नाहीत. डागवाला नाग रानात गेला नसणार.

गारुड्याला खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे. पण वाटी त्याची नव्हती, आमची होती. पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा असलेली ही माणसं. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, साप पकडून खेळ करणं गुन्हा ठरलं, आणि टोपलीच्या बदल्यात हातात काय द्यायचं याचा फारसा विचार कुणी केला नाही. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची जिवंत नागांची पंचमी तर याच कायद्यापायी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली. त्यावर वेगळा भाग होईल, इथे थांबतो.

मुद्दा असा की आपल्याकडे सापाशी माणसाचं नातं फार जुनं. देव म्हणून, भीती म्हणून, पोट म्हणून. आमच्याकडे पश्चिम पट्ट्यात भात-नागलीच्या खळ्यावर धामण दिसली तर जुनी माणसं काठी उचलत नसत, 'उंदीर खाईल' म्हणून जाऊ देत. पण या जिवाला नेमकं लागतं काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारला. आपल्याला जे पवित्र वाटतं ते त्याला दिलं. दूध, हळद, कुंकू.

आणि साहेब लोकांना तरी कुठे माहीत होतं? जगातलं पहिलं सर्पगृह लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली उघडलं. तिथे अजगरांना थंडी वाजू नये म्हणून घोंगड्या देत. एका अजगराने भक्ष्य समजून घोंगडीच गिळली, हा किस्सा तेव्हा खूप गाजला. हसू येतं, पण चूक नीट बघा. घोंगडी आपल्याला ऊब देत नाही, आपल्या अंगाची ऊब अडवते. सापाच्या अंगात स्वतःची ऊबच जवळजवळ नाही. त्याला घोंगडी म्हणजे गार दगडाला स्वेटर. दूध पाजणारी आमची आजी आणि घोंगडी टाकणारा लंडनचा रखवालदार, दोघांचाही हेतू मायेचाच होता.

आता माझ्या आवडीचा किस्सा. १८३० च्या दशकात लामार-पिको नावाचा एक फ्रेंच प्रवासी निसर्ग-अभ्यासक पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे म्हणाला की हिंदुस्थानात अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते आणि त्यांना ऊब देते. मोठमोठ्या पंडितांनी त्याला उडवून लावलं. थंड रक्ताचा प्राणी ऊब कुठून आणणार? कोंबडी आहे काय? मग १८४१ मध्ये पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात आशियातल्या एका अजगर मादीने अंडी घातली आणि ती वेटोळं करून बसली. व्हॅलेन्सिएन या प्राणिशास्त्रज्ञाने थर्मामीटर लावला. वेटोळ्याच्या आत भोवतालपेक्षा कितीतरी जास्त उष्णता! ती येते कशी, हे नीट मोजायला मात्र १९६६ साल उजाडलं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात संशोधकांनी दाखवलं की मादी स्नायू आखडून-सैल करून, एका लयीत थरथरत ऊब तयार करते. हवा जितकी गार, तितकी थरथर जास्त. भावाच्या घरी आलेल्या जातीतल्या माद्याही असंच करतात.

म्हणजे अजगराच्या जगण्याचं खरं चलन दूध नाही, ऊब आहे. अन्न पचायला ऊब, कात टाकायला ऊब, आजाराशी झगडायला ऊब. ती तो बाहेरून घेतो. उन्हात सरकतो, सावलीत सरकतो. पेटीत ठेवलं की हे सरकणं तुमच्या हातात येतं, आणि तिथेच जबाबदारी सुरू होते.

आता भावाच्या मेंबरकडे येऊ. जात कार्पेट पायथन. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचा, बिनविषारी. अंगावरची नक्षी गालिच्यासारखी म्हणून हे नाव. मोठी आई त्याला 'सतरंजी' म्हणते. ब्रिस्बेनकडे तो घरांच्या छपरांवरही सापडतो, आणि तिकडचे काही शेतकरी धान्याच्या कोठारात त्याला राहू देतात. उंदरांसाठी. आमच्या धामणीसारखंच! तिथे तो पाळायला परवाना लागतो. रानातून उचलून आणायचा नाही, कैदेत जन्मलेलाच घ्यायचा. भावाने कागदपत्रं केली होती. अभ्यास केला नव्हता.

पहिल्या आठवड्यातच त्याने सगळ्या चुका केल्या. दिवा लावला, पण थर्मोस्टॅट नाही. दुपारपर्यंत पेटी भट्टी झाली. तिथल्या एका जुन्या साप पाळणाऱ्याने त्याला सांगितलं, पेटीचं एक टोक ३२ अंशांच्या आसपास ठेव, दुसरं २५ च्या जवळ, आणि मधे त्याचं त्याला ठरवू दे. तापमान हाताने नाही, थर्मामीटरने बघ. दोन्ही टोकांना लपायला जागा दे, नाहीतर तो ऊब आणि सुरक्षितता यातलं एकच निवडतो. चढायला फांदी दे, पाण्याचं जड भांडं ठेव, आणि झाकणाला कडी लाव. डोकं जाईल तिथून अख्खा साप जातो.

दुसरी चूक आम्हा सगळ्यांची. रोज व्हिडिओ कॉल. धुळ्याच्या आत्याला दाखव, नाशिकच्या मामाला दाखव, माझ्या पोरीला दाखव. रोज बाहेर काढायचा. पाचव्या दिवशी सापाने त्याच्यावर झेप घेतली, आणि पुढे ठेवलेला उंदीर तसाच सोडला. भाऊ घाबरला. आजारी आहे का? चावरा आहे का? तो जुना माणूस म्हणाला, नव्या घरात आलेल्या सापाला किमान आठवडाभर हात लावायचा नाही. पाणी बदल, बाकी बघूसुद्धा नकोस. त्याच्यासाठी तू माणूस नाहीस, मोठा गरम प्राणी आहेस.

हे ऐकताना मला आमची गल्ली आठवली. टोपलीभोवती पोरांचा गराडा, आणि मधे उभा राहिलेला तो नाग. फणा काढणं म्हणजे नाग घाबरलाय, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, तो डोलतोय.

तर व्हिडिओ कॉल बंद केले. ग्रुपवर मी नोटिस टाकली, पाहुणे बंद. मधल्या काळात मोठी आई रोज मला विचारायची, "काही खादं का त्यानी?" मी सांगायचो, पिल्लाला आठवड्याला एक उंदीर पुरे, मोठ्याला तर दोन-तीन आठवडे चालतं, थंडीत कधी महिना महिना खात नाहीत. तिला हे पटेना. "म्हैनाभर उपाशी ऱ्हास का तो?" आणि काळजीत एवढा बदल झाला होता की आता ती सापासाठी होती.

आता तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील, इथे मिळतो का? थोडक्यात सांगतो. आपला भारतीय अजगर पाळणं सरळ गुन्हा आहे. कायद्याने सर्वात वरचं संरक्षण असलेल्या प्राण्यांत तो येतो. मांडूळही पाळता येत नाही, आणि त्याने धनलाभ होतो हे थोतांड आहे. परदेशी अजगरांचं २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर असं आहे की असा प्राणी ताब्यात असेल तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, नवा आला तर तीस दिवसांत. पिल्लं झाली, मेला, दुसऱ्याला दिला, तेही कळवायचं. टेलिग्रामवर मिळणाऱ्या 'कागदवाल्या' सापांचे कागद बहुतेक वेळा कागदच असतात. २०२३ च्या डिसेंबरात मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किट-केकच्या पाकिटांत लपवलेले अजगर आणि कॉर्न स्नेक सापडले. त्या पाकिटातला प्रवास डोळ्यापुढे आणा. टोपलीपेक्षा ते कुठे वेगळं आहे?

आणि कागद खरे असले तरी हिशेब करा. हा साप वीस वर्षं सहज जगतो. आमच्याकडे साक्रीच्या पट्ट्यात मे महिन्यात लाइट गेली तर थर्मोस्टॅट काय करणार? उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. इथे प्रश्न ऊब देण्याचा नाही, गारवा देण्याचा आहे. साप तपासू शकेल असा डॉक्टर तुमच्या तालुक्याला आहे का? बघायचेच असतील तर पुण्याला कात्रजला जा. १९८० साली ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत राहिलेल्या नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने ते सर्पोद्यान उभं राहिलं. साप आपणहून अंगावर येत नाही, हे लोकांना दाखवायला त्यांनी तो खटाटोप केला होता. तिथे मी माझ्या पोरीला घेऊन गेलो होतो. तिने विचारलं, बाबा, हे दूध पितात का? शाळेतल्या कुणीतरी सांगितलं होतं तिला.

परवा रात्री भावाचा मेसेज आला. अकराव्या दिवशी संध्याकाळी, दिवा मंद करून, त्याने चिमट्याने उंदीर धरला, बर्फातून काढून कोमट केलेला. अजगराच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खड्डे असतात. गार उंदीर त्याच्या लेखी दगड असतो. या वेळी झेप नीट बसली, वेटोळं पडलं, वीस मिनिटांत उंदीर आत. भावाने शूट केलं होतं लांबून, आवाज न करता. मी तो व्हिडिओ घेऊन मोठ्या आईकडे गेलो. ती ओसरीवर लसूण सोलत होती. चष्मा लावून तिने पूर्ण पाहिला, शेपूट आत जाईपर्यंत.

मग म्हणाली, "बस, इतलंच?" आणि फोन माझ्या हातात परत देत, "लाव त्याले."

दोघं अर्धा तास बोलले. मी लसूण सोलला.