रणगाड्याला गाडी कशाला हवी?

डोंगर, चिखल, वाळू, खंदक यांपैकी कशालाही न जुमानणारे वाहन म्हणजे रणगाडा, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. महामार्गावरून लष्कराचा ताफा जाताना मात्र उलटेच दृश्य दिसते. हे कुठेही जाऊ शकणारे वाहन एका लांबलचक ट्रेलरवर साखळ्यांनी जखडून बसवलेले असते आणि साधी रबरी चाके त्याला वाहून नेत असतात. चौकस विद्यार्थी लगेच विचारेल, "सर, हा स्वतः का चालत नाही?"

या प्रश्नाचे उत्तर शोधायला सैन्यांना आणि अभियंत्यांना जवळजवळ पंचवीस वर्षे लागली. ते उत्तर शेवटी एका निवडीपाशी येऊन थांबले : ट्रेलर कोणता घ्यायचा? या निवडीमागचे विज्ञान इयत्ता नववीच्या पुस्तकाबाहेरचे नाही. म्हणून हा इतिहास आपण थोडा तपशिलाने पाहू.

पट्ट्यांचे गुण आणि दोष

रणगाड्याचे वजन चाकांवरून पोलादी पट्ट्यांवर आणि पट्ट्यांवरून जमिनीवर येते. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी शर्मन रणगाडा सुमारे ३० टनांचा होता, पण त्याचा जमिनीवरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो एवढाच होता. मालमोटारीच्या टायरखालचा दाब याच्या पाच-सहा पट असतो. मोटारीची चाके रुततात त्या वाळूत रणगाडा चालतो, याचे रहस्य हेच.

या गुणाची किंमत मोजावी लागते. पट्टा म्हणजे खिळींनी जोडलेल्या अनेक कड्यांची माळ. प्रत्येक कडी चाकाला वळसा घालताना वाकते आणि पुन्हा सरळ होते. प्रत्येक वळशाला खीळ घासते, वाळूचे कण आत शिरले की आणखी घासते. कठीण रस्त्यावर तर पट्टा आणि रस्ता एकमेकांना झिजवतात. इंधन भरमसाठ जळते, इंजिनाचे आयुष्य खर्ची पडते. तीनशे किलोमीटर स्वतः चालत गेलेला रणगाडा लढाईच्या जागी पोहोचतो तो निम्मा थकूनच. वाटेत मोडून पडलेले वेगळेच.

पहिला उपाय : रेल्वे

रणगाडे प्रथम रणांगणावर उतरले ते १५ सप्टेंबर १९१६ रोजी, फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत. ब्रिटिशांचा तो मार्क-१ रणगाडा सुमारे २८ टनांचा होता आणि ताशी सहा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे माणसाच्या भरभर चालीने सरकत असे. त्याला दूर नेण्याचे एकच साधन होते, ते म्हणजे रेल्वे. पण त्याच्या दोन्ही बाजूंना तोफांसाठी बाहेर आलेले कोठे होते. त्यांच्यासकट तो रेल्वेच्या ठरलेल्या रुंदीत मावेना. म्हणून प्रवासाआधी ते कोठे उतरवायचे आणि पोहोचल्यावर पुन्हा जोडायचे, असा खटाटोप करावा लागे. पुढच्या मार्क-४ मध्ये ते आत ढकलता येतील असे केले गेले. नोव्हेंबर १९१७ मध्ये काँब्रेच्या लढाईसाठी ४७६ रणगाडे जमवले गेले, तेही रेल्वेनेच.

रेल्वेची मर्यादा उघड आहे. रूळ असतील तिथवरच ती जाणार, आणि शत्रूही रूळ उखडणार.

दुसरा उपाय : पट्टे काढा, चाकांवर चला

अमेरिकी अभियंता वॉल्टर ख्रिस्ती याने १९२८ साली वेगळीच युक्ती मांडली. रणगाड्याची आतली चाके मोठी आणि रबरी धावांची करायची. रस्ता लागला की पट्टे काढून ठेवायचे आणि चाकांवर धावायचे. पुढे रान लागले की पट्टे पुन्हा चढवायचे. कल्पना मोहक होती. सोव्हिएत संघाने ख्रिस्तीचे रणगाडे विकत घेऊन त्यावरून बीटी मालिकेचे रणगाडे हजारांनी बनवले.

पण एकाच यंत्राला दोन पाय दिले की दोन्हींचे ओझे वाहावे लागते. चाकांना शक्ती पोहोचवणारी जादा यंत्रणा रणगाड्यात कायमची बसली. तिचे वजन चिलखतातून वजा झाले. १९३९ साली मिखाईल कोश्किन यांच्या गटाने दोन नमुने चाचणीला उभे केले. एक चाके आणि पट्टे दोन्हींवर चालणारा ए-२०, दुसरा केवळ पट्ट्यांचा ए-३२. दुसऱ्यावर अधिक जाड चिलखत चढवणे शक्य झाले. त्यातूनच प्रसिद्ध टी-३४ जन्मला आणि ख्रिस्तीची युक्ती मागे पडली.

तिसरा उपाय : दुसऱ्याच्या पाठीवर

आता उरला तिसरा मार्ग. रणगाड्याने रणगाडाच राहावे, रस्त्याचे काम रस्त्याच्या वाहनाने करावे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस फ्रेंचांनी साडेसहा-सात टनांचे छोटे रेनॉ रणगाडे मालमोटारींवरून आणि ट्रेलरांवरून नेले होते. वजन तिप्पट-चौपट झाल्यावर मात्र प्रश्न अवघड झाला.

१९४० ते १९४३ या काळात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात तो जीवनमरणाचा ठरला. अलेक्झांड्रियाहून पश्चिमेला जाणारा लोहमार्ग सुरुवातीला मर्सा मत्रूहपाशीच संपत होता. पुढे शेकडो किलोमीटर वाळू आणि दगड. आपल्या चौथ्या भारतीय डिव्हिजनचे जवान याच मुलखात लढले. आघाडी कधी पूर्वेला, कधी पश्चिमेला सरके आणि रणगाडे तिच्यामागे न्यावे लागत.

ब्रिटिशांकडे तेव्हा स्कॅमेल पायोनियर ही गाडी होती. तिचे इंजिन १०२ अश्वशक्तीचे होते. तिचा ट्रेलर अर्ध-ट्रेलर होता, म्हणजे त्याला चाके फक्त मागे होती आणि पुढचे टोक ओढणाऱ्या गाडीच्या पाठीवर टेकलेले असे. मालिका यशस्वी झाली, पण संख्या अपुरी होती आणि रणगाडे जड होत चालले होते. म्हणून १९४० साली ब्रिटिश खरेदी मंडळ अमेरिकेत गेले. शिकागोच्या डायमंड टी कंपनीने त्यांना '९८०' ही गाडी दिली. तिच्यामागे जोडला जाई तो चोवीस चाकांचा पूर्ण ट्रेलर. त्याला पुढेही चाके, मागेही चाके. गाडीशी त्याचा संबंध फक्त एका दांड्याचा.

अर्धा की पूर्ण?

या दोन प्रकारांतला फरक तरफेच्या नियमाने समजतो. सोयीसाठी वाटोळे आकडे घेऊ. अर्ध-ट्रेलरवर ३० टनांचा रणगाडा आहे. गाडीवरचा टेकू आणि मागची चाके यांत ६ मीटर अंतर आहे. रणगाड्याचा गुरुत्वमध्य टेकूपासून ४ मीटरवर असेल, तर मागच्या चाकांवर ३० × ४ ÷ ६, म्हणजे २० टन आणि गाडीवर १० टन भार येईल. रणगाडा एक मीटर पुढे घेतला, तर दोन्हीकडे पंधरा-पंधरा टन. तो नेमका कुठे उभा करायचा हा म्हणूनच बारकाईचा प्रश्न असतो. गाडीवरचा भार तिची चाके जमिनीवर दाबतो आणि घर्षण वाढवतो, हा फायदा. तो प्रमाणाबाहेर गेला की तीच चाके रुततात, आस मोडतो, हा तोटा.

पूर्ण ट्रेलरचे याच्या उलट आहे. तो स्वतःचे सगळे वजन स्वतःच पेलतो. गाडी सुटी होऊन दुसरे ओझे ओढायला जाऊ शकते. स्कॅमेलचा ट्रेलर असा सोडण्या-जोडण्यासाठी केलेलाच नव्हता. पण पूर्ण ट्रेलर गाडीच्या चाकांना दाब देत नाही. समजा, गाडी १२ टनांची, त्यातले ८ टन शक्ती मिळणाऱ्या चाकांवर आणि मागे ५० टनांचे ओझे. दहास एक चढावर ६२ टनांना मागे खेचणारे बल ६.२ टन. घर्षणांक ०.६ धरला तर चाकांना मिळणारी जास्तीत जास्त पकड ८ × ०.६, म्हणजे ४.८ टन. चाके जागच्या जागी फिरतील! म्हणून डायमंड टीच्या पाठीवर एक भारपेटी असे आणि तिच्यात मुद्दाम वजन भरत. त्या चाकांवर ८ टन वाढवा. आता चढाचे बल ७ टन, पण पकड ९.६ टन. ओझे ओढण्यासाठी आणखी ओझे लादावे लागते, हे विद्यार्थ्यांना चकित करणारे उदाहरण आहे.

वेगाचेही पाहू. डायमंड टीचे इंजिन सुमारे २०० अश्वशक्तीचे, म्हणजे १५० किलोवॉटचे होते. ७ टन बल म्हणजे साधारण ७० किलोन्यूटन. शक्तीला बलाने भागले की वेग येतो : सेकंदाला २.१ मीटर, ताशी साडेसात किलोमीटर. हाही वाटेतली सर्व तूट सोडून. तरीही ही गाडी ५२ टनांपर्यंतचे ओझे ओढू शके, कारण तिचे गिअर अतिशय मंद ठेवलेले होते. १९४५ पर्यंत अशा ५,८७१ गाड्या बनल्या आणि युद्धानंतरही कितीतरी वर्षे चालल्या.

चोवीस चाके कशासाठी?

शर्मनची उंची पावणेतीन मीटर. ट्रेलरचा पाट जमिनीपासून एक मीटर उंच असला तरी एकूण उंची पावणेचार मीटर होते. पूल आडवे येतात, आणि गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर कलंडण्याची भीती वाढते. पाट खाली आणायचा तर चाके लहान हवीत. लहान चाक थोडेच वजन पेलते, म्हणून चाके पुष्कळ हवीत.

पाट खाली असण्याचा आणखी एक लाभ आहे. एक मीटर उंचीसाठी तीन मीटर लांबीची उतरती फळी लावली, तर ३० टनांच्या रणगाड्याला वर ओढायला घर्षण सोडून १० टन बल लागते. पाट जितका खाली तितके हे बल कमी. रणगाडा चालू असेल तर तो आपणहून चढेल. पण बंद पडलेला असेल तर? त्याला गाडीवरच्या विंचने, म्हणजे तारदोर गुंडाळणाऱ्या यांत्रिक रहाटाने ओढून घ्यावे लागे.

हे परतीचे काम जाण्याच्या कामाइतकेच मोलाचे ठरले. सुरुंगाने पट्टा तुटलेला रणगाडा मेलेला नसतो. तो कार्यशाळेत पोहोचला तर काही दिवसांत पुन्हा उभा राहतो आणि त्याच्या अनुभवी चालक-तोफचींना पुन्हा रणगाडा मिळतो. वाळवंटात पडून राहिला तर शत्रूचा होतो. अमेरिकनांनी पुढे खास या कामासाठी सहाही चाकांना शक्ती मिळणारी, चिलखती केबिनची एम-२६ गाडी आणि ४० टनी अर्ध-ट्रेलर बनवला. आघाडीवर पकड महत्त्वाची, म्हणून तिथे अर्ध-ट्रेलर निवडला गेला.

जर्मनांची गोष्ट याच्या दुसऱ्या टोकाची. त्यांचा प्रचलित ट्रेलर २२ टनांच्या आसपास वाहणारा होता आणि त्यांचा टायगर रणगाडा ५७ टनांचा! रेल्वेवरही तो मावेना, म्हणून त्याचे ७२५ मिलिमीटर रुंदीचे पट्टे काढून प्रवासापुरते ५२० मिलिमीटरचे चढवत. बंद पडलेल्या टायगरला ओढायला तीन-तीन अवजड गाड्या लावाव्या लागत. त्या मिळाल्या नाहीत तर अजिंक्य समजला जाणारा तो रणगाडा आपल्याच लोकांना उडवून द्यावा लागे. वाहन आखतानाच त्याचा वाहक आखला नाही, तर काय होते याचा हा धडा. आजही तो जुना झालेला नाही. आपला अर्जुन मार्क-१ए ६८ टनांच्या घरात आहे, आणि त्याला वाहणारा ट्रेलर व पेलणारा पूल हे प्रश्न त्याच्याबरोबरच येतात.

गाडीवानाचे शहाणपण

जीपसारखे छोटे वाहन ट्रेलरवरून न्यायचे असले तरी हिशेब हाच लागतो. अशा ट्रेलरचा आस मध्याजवळ असतो. एकूण भाराच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या आकड्यावर यावा, असा अमेरिकेत सर्वसाधारण दंडक आहे. दीड टनाची जीप आणि अर्ध्या टनाचा ट्रेलर असेल, तर आकड्यावर २०० ते ३०० किलो. आस आणि आकडा यांत चार मीटर अंतर असेल, तर जीप केवळ वीस सेंटिमीटर मागे सरकवली की आकड्यावरचे ७५ किलो कमी होतात. भार आसाच्या मागे गेला की वेगात ट्रेलर शेपटीसारखा हेलकावू लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही रस्त्याबाहेर फेकतो.

आपल्या गाडीवानांना यातले निम्मे शास्त्र पूर्वीपासून ठाऊक आहे. मागे जड झालेली बैलगाडी 'उलाळ' होते, जू वर उचलले जाते. पुढे जड झालेली गाडी 'धुरजड', ती बैलांच्या मानेवर बसते. उसाची ट्रॉली ओढताना चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके उचललेली आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. तिथेही प्रश्न भार कुठे पडतो, हाच आहे.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. खेळण्यातल्या मोटारीला दोन चाकांची पुठ्ठ्याची ट्रॉली सैल दोऱ्याने नव्हे, तर तारेच्या दांड्याने जोडावी. खोडरबर कधी आसापुढे, कधी आसामागे ठेवून मोटार उतारावरून सोडावी आणि ट्रॉलीची शेपूट पाहावी. सहल अहिल्यानगरला जाणार असेल, तर तिथले १९९४ साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालय अवश्य दाखवावे. चिलखत आणि तोफ मुले आपणहून पाहतीलच. त्यांना पट्ट्याची एक कडी आणि तिची खीळ दाखवावी, आणि विचारावे : हा रणगाडा इथवर कसा आला असेल?