‘सेल्फ गेला!’ : गॅरेजातल्या एका शब्दाचा इतिहास

१/१०
२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मिठी नदी कलिना-कुर्ल्याच्या वस्त्यांत शिरली, उभ्या गाड्या बुडाल्या. अशा पाण्यातून निघालेल्या गाडीची किल्ली फिरवली, की एक ‘टक्’ आणि पुढे शांतता. मेकॅनिकचे निदान ठरलेले : ‘सेल्फ गेला.’ या ‘सेल्फ’चा इतिहास सांगणारा हा धागा.

२/१०
सेल्फ हा ‘सेल्फ-स्टार्टर’चा उरलेला अर्धा भाग. गाडीने स्वतःहून सुरू होणे हे एके काळी नवल होते. त्याआधी पुढच्या बाजूने लोखंडी हँडल घालून इंजिन हाताने फिरवावे लागे. ठिणगी वेळेआधी पडली, तर इंजिन उलटा झटका देई आणि मनगट मोडे.

३/१०
अमेरिकन मोटार-उद्योजक बायरन कार्टर १९०८ साली वारले. बंद पडलेली गाडी सुरू करताना हँडलचा फटका बसून झालेली दुखापत त्यांना भोवली, असे सांगितले जाते. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड हे त्यांचे स्नेही. हँडल हद्दपार करण्याचा लेलँड यांचा निश्चय या घटनेशी जोडला जातो.

४/१०
काम आले चार्ल्स केटरिंग यांच्याकडे. इंजिन फिरवू शकेल अशी विजेची मोटर फार अवजड होईल, ही शंका होती. केटरिंग यांनी पूर्वी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. क्षणभरच काम करायचे असेल, तर छोटी मोटरही मोठा भार ओढते, हे त्यांना ठाऊक होते. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ आला. सलग दहा सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये, या नियमाचे मूळ इथेच आहे.

५/१०
दुसरा शब्द ‘बेंडिक्स’. हे माणसाचे आडनाव आहे : व्हिन्सेंट बेंडिक्स. मोटर फिरताच लहान दातेरी चाक आट्यांवरून सरकून फ्लायव्हीलला भिडते आणि इंजिन सुरू होताच मागे फेकले जाते, ही त्यांची रचना. पुढे चाक ढकलण्याचे काम सोलेनॉइडकडे गेले, तरी आपल्या गॅरेजांत ते चाक ‘बेंडिक्स’च राहिले.

६/१०
मुंबईत जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० आणि पद्मिनी बाहेर पडल्या. मद्रासजवळ पाडी येथे १९६१ साली लुकास-टीव्हीएस उभी राहिली आणि सेल्फ देशातच बनू लागले.

७/१०
आयातीवर बंधने होती, नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे सेल्फ बदलण्यापेक्षा तो खोलून दुरुस्त करण्याची रीत रुजली. कलिन्यापासून कुर्ल्याकडे जाणाऱ्या सीएसटी रोडवरचा सुट्या भागांचा बाजार त्या काटकसरी परंपरेचाच वारसदार.

८/१०
घरच्या घरी निदान असे. हेडलाइट लावून किल्ली फिरवा. दिवे मंदावले, तर आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल पाहा. स्वस्थ बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. दिवे प्रखर राहूनही मोटर गप्प असेल, तर संशय सोलेनॉइड आणि कार्बनवर. मात्र गाडी बुडाली असेल, तर किल्लीला हातच लावू नका : सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

९/१०
खोलण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढावी. झिजलेले कार्बन बदलावेत. कॉम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने पुसून तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचा मोकळ्या कराव्यात. मल्टिमीटरचे एक टोक आर्मेचरच्या शाफ्टला, दुसरे कॉम्युटेटरला लावावे. जोड दिसला, तर वाइंडिंग जळाले असे समजावे. पितळी बुश सैल असेल, तर नवा बसवावा. जुन्या पद्धतीच्या बेंडिक्सच्या आट्यांना ग्रीस लावू नये. धूळ चिकटून चाक अडकते. चाचणी घेताना मोटर शिकंजात घट्ट आवळावी, कारण ती जोरात उसळते.

१०/१०
सेल्फ बहुधा इंजिनाच्या खालच्या अंगाला असतो, म्हणून पुराचा गाळ त्याला लवकर गाठतो. गाळ धुऊन, कार्बन-बुश बदलून असा सेल्फ अनेकदा पुन्हा बोलतो. आज किल्लीच्या जागी बटण आले आहे आणि सेल्फ सहसा अख्खाच बदलला जातो. त्यासोबत तो खोलू शकणारे हातही कमी होत आहेत. तुमच्या गल्लीत असा कारागीर उरला असेल, तर त्याच्याजवळ तासभर बसा. ज्याची नोंद कुणी केली नाही, असा इतिहास तिथे ऐकायला मिळेल.