विषाणूंचं मूळ घर

बऱ्हाणपूरहून रावेरकडे जाताना तापीच्या खोऱ्यात नजर जाईल तिथवर केळी लागते. अंधार पडला की या बागांत आखूड नाकाची फळवाघळं उतरतात आणि केळफुलातला मध चाटतात. ही सवय माणसाच्या शेतीहून जुनी आहे. आग्नेय आशियातल्या रानकेळीचं लोंबतं फूल दिवस मावळल्यावर उमलतं, मध उदंड देतं आणि पराग नेण्याचं काम वटवाघळांवर सोपवतं. माणसानं निवडून निवडून केळं बिनबियांचं केलं, तेव्हा पिकाची परागीभवनाची गरज संपली. मध मात्र उरला, आणि वटवाघळंही. या जुन्या सोबतीत विषाणू दडलेला असतो, हे माणसाला कळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

त्या शोधाचं पहिलं पान १९११ सालचं आहे. योगायोग असा, की त्याच वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं हिंदुस्थानातल्या सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी सुरू केली आणि पहिला प्रदेश निवडला तो खानदेश. सी. ए. क्रम्प नमुने गोळा करत होते, अहवाल आर. सी. रॉटन लिहीत होते. एके काळी फारुकी सुलतानांच्या खानदेशची राजधानी असलेलं बऱ्हाणपूर तेव्हा मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात होतं, पण ओढे, बागा आणि प्राणी शेजारचेच. बेळगावजवळच्या बारापेडे गुहांतलं एक दुर्मीळ वटवाघूळ आज रॉटन यांच्याच नावानं ओळखलं जातं. त्या काळी प्राण्याची कातडी आणि कवटी हाती आली, की त्याची ओळख पुरी झाली असं समजत.

तिकडे ब्राझीलच्या सांता कातरीना प्रांतात गुरं पटापट मरत होती. कुत्रा चावल्याची खूण नव्हती. भरदिवसा वटवाघळं गुरांना चावताना आम्ही पाहिली, असं शेतकरी सांगत होते. आंतोनियो कारीनी या संशोधकानं मेलेल्या जनावरांच्या मेंदूत रेबीज ओळखला आणि १९११ मध्ये शेतकऱ्यांचं म्हणणं छापून मांडलं. युरोपातल्या विद्वानांना ते पटलं नाही. वीस वर्षांनी त्रिनिदादमध्ये हेच घडलं. माणसं अंगावरून वारं गेल्यासारखी लुळी पडून मरत होती आणि निदान पोलिओचं होत होतं. जोसेफ लेनॉक्स पवन या तिथल्याच डॉक्टरनं १९३१ मध्ये तो रेबीज असल्याचं दाखवलं आणि त्याचा माग रक्तपिपासू वटवाघळांपर्यंत नेला. ही जात फक्त अमेरिका खंडांत आढळते, त्यामुळे आपल्याकडे त्या शोधाचा फारसा गाजावाजा झाला नाही.

यानंतरचा मोठा टप्पा थेट १९९४ चा. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या हेंड्रा उपनगरात शर्यतीचे घोडे आणि त्यांचा प्रशिक्षक दगावला. नव्या विषाणूला उपनगराचं नाव मिळालं आणि दोन वर्षांत फळवाघळांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं सापडली.

चारच वर्षांनी मलेशियात डुकरांच्या फार्मवरची माणसं मेंदूज्वरानं मरू लागली. सरकारनं जपानी मेंदूज्वर समजून डासांवर धुरळणी केली, लसी टोचल्या. पण तो आजार बहुधा लहान मुलांना गाठतो. इथे आजारी पडत होते ते डुकरं हाताळणारे धडधाकट पुरुष. मलाया विद्यापीठातल्या डॉ. चुआ काव बिंग यांना ही विसंगती बोचली. मार्च १९९९ मध्ये त्यांनी रुग्णाच्या नमुन्यातून अनोळखी विषाणू वेगळा केला. रुग्णाच्या गावावरून, सुंगाई निपाहवरून, त्याचं नाव निपाह पडलं. मलेशियात २६५ जणांना लागण झाली, १०५ दगावले, दहा लाखांहून जास्त डुकरं मारावी लागली. चुआ पुढे तिओमान बेटावर गेले, वटवाघळांच्या झाडांखाली प्लॅस्टिकच्या ताडपत्र्या अंथरल्या आणि गोळा झालेल्या मुतात तोच विषाणू शोधून काढला. एवढ्या साध्या साधनानं केलेलं इतकं मोठं काम विज्ञानात क्वचितच सापडतं.

साथ सुरू कुठे झाली, तेही उलगडलं. इपोहजवळच्या एका प्रचंड फार्मवर डुकरांच्या गोठ्यांशेजारी आंब्याची झाडं लावलेली होती. वटवाघळांनी आंबे खाल्ले, उष्टी फळं खाली पडली, ती डुकरांनी खाल्ली. वटवाघूळ आपल्या नेहमीच्या जागी नेहमीचंच खात होतं. हजारो डुकरं त्याच्या ताटाखाली आणून बांधली ती माणसानं.

भारतात २००१ च्या सुरुवातीला सिलिगुडीत असाच जीवघेणा ताप आला. ६६ रुग्ण, ४५ मृत्यू. बरीचशी लागण रुग्णालयांतच झाली. तो निपाह होता, हे जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासल्यावर २००६ मध्ये जाहीर झालं. या कामात पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था होती. ही संस्था १९५२ मध्ये व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झाली. तेव्हा तिथलं लक्ष डास-गोचिडींवाटे येणाऱ्या विषाणूंवर असे. आता तिची माणसं जाळी घेऊन गुहांत जाऊ लागली.

२०१८ च्या मे महिन्यात केरळात कोळिकोडजवळच्या पेरांब्र्यात निपाह उगवला. पहिल्या रुग्णाच्या घरच्या विहिरीत वटवाघळं होती, सगळा संशय त्यांच्यावर. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि अहवाल आला : विषाणू नाही. विहिरीतली ती वटवाघळं किडे खाणारी निघाली. नंतर त्याच परिसरातली मोठी फळवाघळं तपासली, तेव्हा पुण्याच्या संस्थेला विषाणू मिळाला, रुग्णांमधल्या विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळणारा. वटवाघळांच्या चौदाशेच्या वर जाती आहेत. सगळ्यांना एकाच माळेत ओवलं, तर तपास चुकतो.

महाराष्ट्राची पाळी मार्च २०२० मध्ये आली. संस्थेच्या पथकानं महाबळेश्वरच्या गुहेतली वटवाघळं जाळ्यात धरून तपासली. रूसेटस नावाच्या, गुहेत राहणाऱ्या फळवाघळांत निपाहविरुद्धची प्रतिपिंडं आढळली आणि विषाणूचा मागही लागला. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आल्यावर बातम्यांनी घबराट उडवली. त्या वेळी राज्यात निपाहचा एकही मानवी रुग्ण नव्हता. प्रतिपिंडं असणं म्हणजे त्या प्राण्याची विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती. तो विषाणू माणसापर्यंत पोचायला मधे आणखी पायऱ्या लागतात.

वटवाघूळ स्वतः आजारी का पडत नाही? उत्तर बहुधा त्याच्या उडण्यात आहे. उडताना शरीराचा भाता जोरात चालतो, तापमान चाळीस अंशांच्या घरात जातं, पेशींची मोडतोड होते. त्या मोडतोडीनं दरवेळी दाह उसळला असता, तर प्राणी जगलाच नसता. म्हणून त्याची प्रतिकारयंत्रणा विषाणूला आवरते, पण स्वतःच्या शरीरात वणवा पेटू देत नाही. माणसाच्या शरीरात पेटतो तो हाच वणवा, आणि तोच बहुतेकदा जीव घेतो. त्यात हजारोंच्या दाटीनं एकत्र राहणं आणि आकाराच्या मानानं कमालीचं दीर्घ आयुष्य, त्यामुळे विषाणूला टिकून राहायला जागा मिळते. सायबेरियातलं एक इवलंसं वटवाघूळ ४१ वर्षं जगल्याची नोंद आहे.

मग मारून का टाकू नयेत? युगांडातल्या किटाका खाणीत हा प्रयोग झाला. तिथल्या रूसेटस वटवाघळांमधून खाणकामगारांना मारबर्ग विषाणूची लागण झाली होती. म्हणून २००८ मध्ये वसाहतच नष्ट केली. रिकाम्या जागी पुन्हा वटवाघळं आली. त्यांच्यातलं लागणीचं प्रमाण आधी सुमारे ५ टक्के होतं, ते १३ टक्क्यांवर गेलं आणि २०१२ मध्ये जवळच्याच इबांडा गावात साथ उसळली. वसाहत उधळली, की उरलेली पांगतात, लागण न झालेली नवी येतात आणि विषाणूला ताजं रान मिळतं. आपल्याकडे तर १९७२ चा वन्यजीव कायदा फळवाघळाला कावळा-उंदरांबरोबर उपद्रवी ठरवत होता. ती यादी २०२२ च्या दुरुस्तीनं गेली आणि बदल १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. हे पन्नास वर्षं उशिरा झालं.

बऱ्हाणपूरच्या केळीकडून धोका तसा कमी, कारण घड हिरवा असतानाच कापला जातो. पिकलं केळं झाडावर राहतच नाही. पेरू, आंबा, चिकू मात्र झाडावरही पिकतात. दातांची खूण असलेलं किंवा उष्टं पडलेलं फळ उचलू नये, बाकीची धुऊन, सोलून खावीत. जास्त जपायला हवं ते निमाड-खानदेशातल्या ओढ्याकाठच्या शिंदीला. बांगलादेशात निपाह माणसांत आला तो मुख्यतः याच झाडाच्या कच्च्या रसातून. रात्री लावलेल्या कॅमेऱ्यांत वटवाघळं तासलेल्या बुंध्यावरून रस चाटताना, मडक्यावर मुतताना दिसली. तिथल्या संशोधकांनी गाछींकडून, म्हणजे रस काढणाऱ्यांकडून, बांबूच्या कामट्यांचं झाकण बुंध्यापासून मडक्यापर्यंत बांधून घेतलं आणि वटवाघळं रसापर्यंत पोचेनाशी झाली. रस उकळला तर विषाणू मरतो. पण आंबवलेल्या ताडीतूनही तिथे लागण झालेली आहे, तेव्हा झाकण झाडावरच आणि मडकं लावतानाच बांधायचं.