सिंहपुच्छ माकडाच्या घराचा नकाशा

पालघर तालुक्यात वैतरणेच्या मुखाजवळ दातिवरे हे गाव आहे. या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मग येथे, किंवा मागच्या जव्हारच्या डोंगरांत, सिंहपुच्छ माकड का आढळत नाही? वर्गात हा प्रश्न आला, तर 'तेवढे दाट जंगल इथे नाही' हे उत्तर अपुरे आहे. पुरे उत्तर नकाशे काढता काढता हळूहळू हाती आले.

काळे अंग, चेहऱ्याभोवती करडी आयाळ आणि शेपटीला गोंडा असलेले हे माकड जगात फक्त सह्याद्रीच्या दक्षिण भागात राहते. लिनियसने १७५८ साली त्याचे नामकरण केले, तेव्हा त्याचे ठिकाण श्रीलंका म्हणून नोंदले गेले. श्रीलंकेत हे माकड नाहीच! प्राण्याचा पत्ता ऐकीव माहितीवर लिहिला, की असे होते.

प्रत्यक्ष रानात जाऊन अभ्यास सुरू झाला तो फार उशिरा. जपानी संशोधक युकिमारु सुगियामा यांची प्राथमिक पाहणी १९६८ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आली. पुढे स्टीव्हन ग्रीन व कॅरेन मिंकोव्स्की यांनी १९७७ साली रानातल्या माकडांची संख्या अवघी ४०५ असावी, असा अंदाज मांडला. सायलेंट व्हॅलीतल्या धरणाचा वाद तेव्हा पेटत होता. त्या वादात हे माकड जंगलाचे प्रतीक बनले. धरण रद्द झाले, आणि १९८४ साली तेथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले.

याच काळात पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेत झां-पिएर पास्कल सह्याद्रीच्या वनांचे नकाशे तयार करीत होते. शिमोगा विभागाचा नकाशा १९८२ साली निघाला, बेळगाव-धारवाड-पणजीचा १९८४ साली. पाऊस किती, याबरोबरच तो किती महिने, हेही पास्कल यांनी पाहिले. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाशी कोरडे महिने दोन-तीन असतात, होन्नावरच्या बाजूला पाच-सहा, आणि आपल्याकडे सात-आठ. सिंहपुच्छ माकड मुख्यतः फळांवर व किड्यांवर जगते आणि सहसा झाडावरून उतरत नाही. म्हणून त्याला बारा महिने काही ना काही फळणारे सदाहरित वन लागते. दातिवऱ्याचा पाऊस भरपूर, पण तो चार महिन्यांत संपतो.

तरीही नुसत्या वननकाशाने भागत नाही. हे नकाशे एका सेंटिमीटरला अडीच किलोमीटर या प्रमाणाचे आहेत. माकडाची वाट अडवणारा वीस मीटरचा रस्ता त्यावर दिसणार कसा? सिंधुदुर्गातील बांबर्डे येथे रानजायफळाची दलदल आहे. दक्षिणेकडच्या सदाहरित वनाचाच तो एक अंश, पण सुमारे अडीच हेक्टरचा. माकडांच्या एका टोळीलाही तो पुरणार नाही.

तेव्हा नकाशा हाती घेऊन चालावेच लागते. उल्हास कारंत यांनी कर्नाटकातील पाहणी १९८५ साली प्रसिद्ध केली. होन्नवळ्ळी कुमारा व मेवा सिंह यांना शिरसी-होन्नावरच्या वनांत ३२ टोळ्या सलग पट्ट्यात आढळल्या. ही नोंद २००४ सालची. ही या जातीची सर्वांत उत्तरेकडची वस्ती. दक्षिणेत या माकडाचा मोठा आधार असलेले कुलेनियाचे झाड येथे नाही. तेच झाड निकष धरले असते, तर ही वने नकाशातून गळली असती. नोंद झाली म्हणून २०११ साली अघनाशिनी खोऱ्यात संरक्षित राखीव क्षेत्र जाहीर होऊ शकले. नकाशावर 'येथे काही नाही' असे दिसणाऱ्या वनावर कुऱ्हाड लवकर पडते.

शिक्षकांना यातून एक सोपा उपक्रम घेता येईल. बारा महिन्यांचा तक्ता फळ्यावर काढावा. उंबर, जांभूळ, करवंद, बोर, चिंच ही झाडे गावात केव्हा फळतात, ते मुलांनी वर्षभर पाहून भरावे. जे रकाने रिकामे राहतील, त्यांत आपल्या प्रश्नाचे उत्तर असेल.