सेनेगा : एका मुळीचे भाषांतर
अमेरिकेची पहिली राष्ट्रीय औषधसंहिता १८२० साली बॉस्टन येथे लॅटिन व इंग्रजी अशा दोन भाषांत प्रसिद्ध झाली. तीत समाविष्ट झालेली सेनेगा ही मुळी सेनेका या आदिवासी जमातीत सर्पदंशावर वापरली जात असे. व्हर्जिनियातील वैद्य जॉन टेनंट यांनी १७३०च्या दशकात ती फुप्फुसाच्या विकारांवर योजिली. लिनीअसने १७५३ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले. जमातीचे नाव अशा रीतीने वनस्पतीच्या नावात टिकले. तिची भाषा मात्र संहितेबाहेरच राहिली. आदिवासींच्या वापरातील २००हून अधिक देशज औषधांना कधी ना कधी अधिकृत सूचींत स्थान मिळाले होते, हे व्हर्जिल व्होगेल यांनी १९७० मध्ये दाखविले. म्हणूनच या संहितेकडे मूळ मौखिक संहितेचा उल्लेख नसलेले भाषांतर म्हणून पाहणे आवश्यक ठरते.