लहान क्वाड, मोठा कायदा

तर मंडळी, सहा-सात वर्षांच्या पोराला शर्यतीची क्वाड घ्यायची, तर कोणती? अमेरिकेत याचं उत्तर बरीच वर्षं इंजिनाच्या सीसीत द्यायचे. 1988 मध्ये कंपन्यांनी सरकारशी समझोता करून तीनचाकी गाड्यांची विक्री थांबवली, आणि 16 वर्षांखालच्यांना 90 सीसीच्या वरची गाडी नको असंही ठरलं.

पण खरी गंमत पुढे आहे. खेळण्यांतल्या शिशावरून गदारोळ झाला आणि 2008 मध्ये कडक कायदा आला. 10 फेब्रुवारी 2009 पासून 12 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंत 600 पीपीएमपेक्षा जास्त शिसं चालणार नव्हतं. आता क्वाडच्या टायरच्या व्हॉल्व्हचं पितळ, बॅटरीची टोकं, यांत शिसं असतंच. पोरगं काय व्हॉल्व्ह चाटणार आहे? पण कायदा तो कायदा. डीलरांनी छोट्या क्वाड शोरूममधून हलवल्या.

मग धोका असा, की पोरगं मोठ्यांच्या क्वाडवर बसणार. म्हणजे वजन तिप्पट-चौपट, आणि उलटली की पोर खाली. हे ओळखून ग्राहक सुरक्षा आयोगाने मे 2009 मध्ये अंमलबजावणी थांबवली. कायद्यातून पक्की सूट मिळायला मात्र ऑगस्ट 2011 उजाडलं.

त्याच 2009 मध्ये सीसीऐवजी वेगावर वयोगट ठरले. सहा वर्षांवरच्यांची गाडी ताशी जास्तीत जास्त 24 किलोमीटर, आणि लिमिटर लावून 16. शर्यतीवाले आईबाप अजून सीसीच विचारतात, ते सोडा.