लोकहित कोणी ठरवायचे?

घरोघरी फक्त दूरदर्शन दिसत असे, त्या काळात कोणता माहितीपट लोकांनी पाहायचा हे प्रत्यक्षात सरकारी अधिकारीच ठरवत. त्या काळातले सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले, की ‘लोकहित’ हा शब्द किती निसरडा आहे ते मला जाणवते.

पहिला निकाल १९८८चा. ‘होनी अनहोनी’ या मालिकेमुळे अंधश्रद्धा वाढते, असे लोकविज्ञान संघटनेचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने मालिकेचे प्रक्षेपण थांबवले. सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई उठवली. दूरदर्शनच्या अटी पाळून आपली कृती तिथे दाखवण्याचा नागरिकाला हक्क आहे, असे न्यायालयाने मानले. मन संघटनेकडे ओढ घेते, हे मी नाकारत नाही.

दुसरा निकाल १९९२चा. १९८४च्या डिसेंबरातील भोपाळ वायुकांडावर तपन बोस, सुहासिनी मुळे प्रभृतींनी ‘बियॉन्ड जेनोसाइड’ हा माहितीपट केला. त्याला १९८७चा सर्वोत्कृष्ट कथाबाह्य चित्रपट म्हणून सुवर्णकमळ मिळाले. तरीही दूरदर्शनने नकार दिला. कारणे वाचण्यासारखी आहेत: विषय जुना झाला, मांडणी समतोल नाही, राज्य सरकारवर टीका आहे, भरपाईचे दावे न्यायालयात आहेत, वातावरण आधीच तापलेले आहे. एकाच दमात विषय शिळाही ठरला आणि स्फोटकही!

न्यायालयाने ही कारणे फेटाळली. दूरदर्शन जनतेच्या पैशावर चालते. सरकारवर टीका आहे एवढ्यावरून नकार देता येणार नाही, हा त्याचा गाभा. आणि या निकालाने १९८८च्या त्या निकालाचाच आधार घेतला. भुताखेतांच्या मालिकेसाठी उघडलेल्या दारातून भोपाळचे पीडित आत आले.

म्हणूनच मला वाटते, लोकहिताच्या नावाने नको ती गोष्ट बंद पाडण्यापेक्षा हवी ती गोष्ट दाखवायला लावणारा हक्क अधिक मोलाचा. मात्र त्याची मर्यादाही ओळखावी. तो सार्वजनिक पैशाशी बांधलेला आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात झी टीव्ही सुरू झाली, पडदे वाढत गेले. पण खासगी वाहिनीच्या दारात हा युक्तिवाद चालत नाही. दूरदर्शन कोणी पाहत नाही म्हणून त्याची चिंता सोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे: नागरिकाला हक्काने जागा मागता येते, तो पडदा अजून तेवढाच आहे.